दादाच्या पेनांसाठी डबी

३ फेब्रुवारी, सोमवार

दुकानदारबाईंनी पेन उघडलं, दोन ओळी लिहून बघितल्या. मग आणखी दोन. चेहरा खुलला. मला वाटलं, झालं काम! तर म्हणतात, "आणि डबी?"

डबी नाही, म्हटलं. रुमालात गुंडाळून आणलंय.

"मग मी काय ही बटाट्यांसारखी ढीग लावून विकू?" असं हसत हसत. पेनं आवडलीत, पण डबीशिवाय शेल्फावर ठेवणार नाहीत. महिना संपायच्या आत आणा, मग बोलू.

महिना संपायच्या आत! अठ्ठावीसला माझी बिनपगारी रजा संपते. दादाची पेनं विकून दाखवते, अशी ऐट मिरवत तीन महिने मागून घेतले होते. नाही जमलं तर पुन्हा तेच विम्याचे फॉर्म, आणि दादाची ही निवडक चाळीस पेनं पुन्हा कपाटाच्या खालच्या कप्प्यात.

४ फेब्रुवारी

दादाला सांगितलं. पेनं कातायच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "पेन खिशात राहतं."

संपलं. एवढंच.

पंधरा वर्षं हा माणूस पेनं करतोय. आधी कारखान्यातून आल्यावर, आता कारखाना सुटल्यापासून दिवसभर. एका पेनाला तीन तीन दिवस. आणि विकायचा विषय काढला की तोंड कडू! वहिनी शेजारी मटार सोलत होती. ती बोलतच नाही, आम्ही दोघं भावंडं तिच्या वाटचंही बोलतो.

६ फेब्रुवारी

सुताराकडून लाकडी डबी आणली, आतून मखमल. मला फार आवडली. दादानं पेन ठेवलं, झाकण लावलं, डबी कानाशी धरून हलवली. टक टक.

"वाजतंय."

मखमल जाड करून घेईन, म्हटलं. त्यानं मखमलीवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली लव माझ्यासमोर धरली. "ही निबेत गेली की शाई अडणार."

बरोबर असतं त्याचं. म्हणूनच जास्त राग येतो.

९ फेब्रुवारी, रविवार

आज पुठ्ठ्याची नळी. दादा म्हणाला, "ताप बघायचाय का कुणाचा?" वहिनी हसली. मी नळी उचलून आपल्या खोलीत आले.

१० फेब्रुवारी

बाजारात चार तास. काही नाही. पायाला भिंगरी लागलीय नुसती.

१२ फेब्रुवारी

मिळाली! पत्र्याची डबी. करडा रंग, गुळगुळीत, झाकणाला आतून रबराची रिंग. लावताना हवा बाहेर पडल्याचा बारीक आवाज होतो. पाण्यात टाकली तरी थेंब जायचा नाही. आत पेन घट्ट बसतं. दादानं कानाशी हलवली. पुन्हा हलवली.

"हं," म्हणाला.

त्याचा हं म्हणजे होकार. परत जाऊन चाळीस घेऊन आले, त्याचं मन बदलायच्या आत. आजच सगळी पेनं भरून टाकली.

१३ फेब्रुवारी

डब्या खिडकीत रांगेनं लावल्यात. येता-जाता बघते. दुकानदारबाई बाहेरगावी आहेत, एकवीसला भेटतील. तोवर जीव टांगणीला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उद्यासाठी पिशवी भरताना सहज एक डबी उघडली. क्लिप काळी. दुसरी उघडली. काळी. चाळीसच्या चाळीस! पितळेच्या लखलखीत क्लिपा होत्या, त्यांना काजळ फासल्यासारखं झालंय.

दादानं डबी नाकाशी नेली. "गंधक."

त्याची पेनं एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. खिशातल्या पेनाला हवा लागते म्हणून काही होत नाही. कोंडलं की तो गंधक पितळेवर उतरतो. हे त्याला आज डबी हुंगल्यावर कळलं. पंधरा वर्षांत त्यानं एकही पेन कधी डबीत ठेवलेलं नाही ना! आणि मी तर हवाबंद आहे म्हणून नाचत होते.

मग भांडण. मी म्हटलं, तुला विकायचीच नाहीत, म्हणून कधी मन लावून बघितलं नाहीस. एरवी तो ढिम्म असतो. आज म्हणाला, "तिथं शेल्फावर पडून राहिली तर? इथं कपाटात पडलेली मला चालतात. तिथं पडलेली नाही चालणार."

इतकी वर्षं मी त्याला आळशी समजत होते, हट्टी समजत होते. तो घाबरतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. मला रडू आलं.

२१ फेब्रुवारी

दुकानात फोन केला, मंगळवारी येते म्हणून. दिवसभर तिघं क्लिपा घासत बसलो. वहिनीनं मधेच एक पेन टेबलावर आडवं ठेवून वितीनं मोजलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

वहिनीनं चहाच्या कपाशेजारी काहीतरी ठेवलं. जाड खरखरीत कागदाची घडी. गोंद नाही, टाचणी नाही. एक कान दुसऱ्या खाचेत जातो आणि बसतो. आत कागदाचाच पाळणा, त्यात पेन निजतं. दोन्ही टोकांना बारीक चिरा. "हवा खेळायला," म्हणाली.

दादानं कानाशी हलवली. आवाज नाही. एका हातानं उघडली. उघडली! पुन्हा लावली. पुन्हा हलवली.

"कधी केलीस?"

"कुकर होईस्तोवर."

लग्नाआधी ती सहा वर्षं बाइंडिंगच्या दुकानात कामाला होती. हे मला माहीत होतं आणि मी विसरले होते. वीस दिवस डबीचाच घोर होता, गावभर हिंडले, पण घरातल्या बाईला एकदा विचारावं, एवढं सुचलं नाही. लाज वाटली. चाळीस करशील का, म्हटलं, तर म्हणाली, "कागद आणून दे."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानदारबाईंनी डबी उघडली. लावली. उघडली. गल्ल्यावरच्या बाईंना बोलावून दाखवली. पेन टोपण काढून काउंटरवर ठेवलेलं, ते हळूहळू घरंगळत कडेला चाललं होतं. मीच धरलं.

"हे कुणी केलंय?"

"माझ्या दादानं."

"पेन नाही हो. ही."

दोनशे हव्यात त्यांना. तीन मापांत. चष्मे, घड्याळं, भेटवस्तू, सगळ्याला चालेल म्हणतात. पुढच्या महिन्यात आणखी. आणि पेनं? "सहा ठेवून जा. बघू खपतात का."

दोनशे! म्हणजे आता मला ऑफिसात परत जायला नको. आनंद व्हायला हवा होता. पिशवीत चौतीस पेनं घेऊन घराभोवती तीन गल्ल्या फिरले. नेमकं हेच होईल म्हणून तो घाबरत होता, आणि हे घडवून आणलं मी. कुठल्या तोंडानं सांगू?

घरी आल्यावर म्हटलं, बाई भेटल्या नाहीत. दादा "बरं" म्हणाला. वहिनीनं माझ्या पिशवीकडे बघितलं.

२६ फेब्रुवारी

सकाळी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. दोनशे आणि सहा. दादानं मशीन बंद केलं. हातातलं टोपण बराच वेळ पुसत राहिला. मग वहिनीला विचारलं, "कागद कापायला जागा किती लागते गं?"

वहिनी म्हणाली, "तुमच्या टेबलाएवढी."

आता तो टेबलावरच्या मशीनचे बोल्ट सोडवतोय. मला हाक मारतोय, एका बाजूनं धर म्हणून.