मागची सीट

प्रिय चिऊ,

परवा फोनवर मी तुला एवढंच म्हणालो, की माझं पत्र हातात पडेपर्यंत सायकलला हात लावायचा नाही. तू हसून म्हणालीस, "बाबा, आता सायकलवरही बहिष्कार का?" मीही हसलो. ते हसणं खोटं होतं. "बरं बाई, पत्र येईपर्यंत नाही," असं तू कबूल केलंस, तो शब्द तू पाळला असशील असं धरून लिहितोय. आता आणखी एक कबूल कर. हे पत्र बसून वाच आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच ते फाडून टाकावंसं वाटेल. फाड, पण वाचून झाल्यावर. फोनवरच का नाही सांगितलं, असं विचारशील. तीनदा सांगायला गेलो. पण फोनवर समोरचं माणूस मध्ये बोलतं, आणि कोणी मध्ये बोललं की मी जिंकायला लागतो. चाळीस वर्षांची खोड आहे. या गोष्टीत मला जिंकायचं नाही.

रविवारी तुम्ही आईच्या नावाने सायकलफेरी काढताय. चाळीस किलोमीटर, दीडशे माणसं, सगळ्यांच्या पुढे आमची जोडसायकल, तिच्यावर जावई आणि तू, आणि निघण्याआधी माझं भाषण. पत्रकाचा मसुदा तू पाठवलास. त्यावर वर्तमानपत्रात आलेला तोच फोटो आहे. मी पुढे बत्तीस दात दाखवत, आई मागे, एक हात वर केलेला. खाली तू लिहिलंयस, 'अखेरच्या श्वासापर्यंत हसतमुख.' आई असती तर तिने या ओळीवर लाल पेन्सिल फिरवली असती. छापखान्यातल्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत ती तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधत बसली. मी कामगार संघटनेचं पहिलं पत्रक घेऊन गेलो तेव्हा तिने ते नऊ विशेषणं काढून परत दिलं आणि वर म्हणाली, "एवढे टेकू लागतायत म्हणजे मुद्दा अशक्त दिसतोय." तिथेच मी गारद झालो. पुढे माझं एकही भाषण तिच्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय व्यासपीठावर गेलं नाही. हे पत्र मात्र कोणी तपासलेलं नाही. लांबेल. सांभाळून घे.

सायकलीचं खूळ माझं, हे तुला माहीत आहे. निवृत्तीनंतर वर्षभरात साखर वाढली, डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. दुसरा कोणी असता तर गुपचूप चालायला गेला असता. मी मोहीम उघडली. 'शंभर दिवस, रोज दहा किलोमीटर.' छापखान्यातले जुने साथी गोळा केले, पाण्याच्या टाकीपाशी रोज सकाळी दहा मिनिटं बोलायला लागलो. शरीर हे कष्टकऱ्याचं एकमेव भांडवल आहे, आणि आजाराची भीती हा आजचा सगळ्यात मोठा बाजार आहे, असं मी सांगायचो. त्यातला शब्द न् शब्द मला खरा वाटत होता. आजही बराचसा वाटतो. विचार चुकीचा असता तर बरं झालं असतं, चिऊ. मग दोष विचाराला देता आला असता.

आई सुरुवातीला स्वतःच्या सायकलवर यायची. बाजारात जायची ती जुनी, पुढे टोपली असलेली. टाकीच्या चढावर ती मागे पडायची. आम्ही सगळे वर पोचून दम खात असायचो आणि ती खाली उतरून सायकल ढकलत येताना दिसायची. छापखान्यातला म्हातारा यंत्रचालक एकदा म्हणाला, "वहिनींना जरा दमानं येऊ द्या, साहेब." मला ते लागलं. माझ्याच घरातलं माणूस मागे! घरी आल्यावर ती म्हणाली, "चढावर छातीवर कोणीतरी बसल्यासारखं होतं हो." हे पहिल्यांदा. मी तिला सवयीचं, स्नायूंचं, वयाचं सगळं समजावून सांगितलं. आठ दिवसांनी मी ती जोडसायकल घेऊन आलो. तुम्हाला सांगितलं, लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून भेट. तुम्ही टाळ्या वाजवल्या. खरं कारण असं, की जोडसायकलवर मागे पडायची सोयच नसते.

ती सायकल कशी चालते ते तू अजून पाहिलेलं नाहीस, म्हणून नीट सांगतो. पुढची आणि मागची पायडलं एकाच साखळीने बांधलेली असतात. पुढच्याने पाय फिरवले की मागच्याचे फिरतातच. मागचा जोर लावतोय की नुसते पाय फिरतायत, हे पुढच्याला दिसत नाही. फक्त मांड्यांना कळतं, ओझं वाढलं की. आईला पहिल्या दिवशी फार मजा वाटली. "पुढारी पुढे, प्रजा मागे," म्हणाली. "मला समोर फक्त तुमची पाठ दिसते. निदान तोंड तरी दिसत नाही बोलताना!" गल्लीतली माणसं थांबून बघायची. कोणी शिट्टी मारायचं. तो फोटो त्याच आठवड्यातला. त्यातला तिचा वर गेलेला हात सगळ्यांना टाटा वाटतो. ती 'थांबा' म्हणत होती. फोटो छापून आल्यावर मला ते तिनेच हसत सांगितलं, आणि मीही ते विनोद म्हणून चार लोकांना सांगितलं.

महिनाभर बरं चाललं. मग चढावर ओझं वाढायला लागलं. मला वाटलं, ही अंगचोरपणा करते. जो माणूस मालकाच्या तोंडून 'कामचुकार' हा शब्द आला की टेबलावर मूठ आपटायचा, तोच मी, मान मागे न वळवता तिला तो शब्द म्हणालो. एकदा नाही, रोज. तिचे पाय घसरायला लागले तर मी मागच्या पायडलांना पट्टे बसवून घेतले. सत्तराव्या दिवसाच्या आसपास सीटवरच क्षणभर तिची शुद्ध हरपली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. मी तिला रस्त्याकडेला बसवून दोन बिस्किटं चारली. उपाशीपोटी आलीस म्हणून, असं म्हणालो. हे दुसऱ्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चादर डोक्यावर ओढून म्हणाली, "आज माझा संप आहे." आणि मी, ज्याने आयुष्यात कधी कोणाचा संप फोडला नाही, फोडणाऱ्याच्या घरच्या पाण्याला तोंड लावलं नाही, त्याने वीस मिनिटांत तो संप फोडला. कसा, तेही लिहितो. "तू मागे बसलेली नसलीस तर माझी साखर वाढेल, मग मला काही झालं तर बोलू नकोस." ती उठली. केस बांधले. माझी पाण्याची बाटलीसुद्धा तिनेच भरली.

तिसऱ्यांदा ती माझ्याशी काही बोललीच नाही. एकटी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी तिला हृदयाच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली, 'लवकर दाखवावे' असं लिहून. ती चिठ्ठी तिने जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाशेजारी ठेवली. मी ती वाचली. चिऊ, मी ती वाचली. मग जेवण निवेपर्यंत भीतीच्या बाजारावर बोललो, पुस्तकांतले उतारे म्हणून दाखवले. शेवटी म्हणालो, "शंभर दिवस तर होऊ देत, सतराच राहिलेत. मग कुठे न्यायचं तिथे नेतो." तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाषण चांगलं झालं. शेवट जरा लांबला." एवढंच. आणि भांडी उचलून आत गेली.

त्याच आठवड्यात, शहाऐंशीव्या दिवशी, टाकीच्या चढाच्या मध्यावर ओझं एकदम वाढलं. मी ओरडलो, "अगं, पाय चालव!" उत्तर आलं नाही. मग तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं. मला वाटलं, दमली, टेकली. खरं सांगू? मला बरं वाटलं. पस्तीस वर्षांच्या संसारातली बायको पाठीला टेकलीय, या आनंदात मी आणखी जोर लावला. दहाएक वेळा पायडलं फिरली असतील. तिचे पायही फिरत होते, कारण माझे फिरत होते. मग सायकल डावीकडे कलली आणि आम्ही पडलो. तिचे पट्टे सोडवायला मला वेळ लागला. मागून आलेल्या म्हाताऱ्या यंत्रचालकाने ते चाकूने कापले. तोवर झालं होतं.

तू आलीस तेव्हा तू एकच प्रश्न विचारलास, "बाबा, तिला आधी काही त्रास होत होता का?" मी म्हणालो, "नाही गं. हसत होती. चालत्या सायकलवर गेली." सगळ्यांनी ते वाक्य उचललं. असं मरण भाग्यवंतालाच येतं, कोणाला त्रास नाही, कोणाचे उपकार नाहीत. तिचे वडीलही असेच बेचाळिसाव्या वर्षी जिना चढताना गेले होते. तिचा काका मैदानावर. त्या घराण्यात हे भाग्यच आहे, असं मावशी म्हणाली आणि आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. शोकसभेत मी चाळीस मिनिटं बोललो. सभागृहात हुंदके ऐकू येत होते. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण होतं, आणि ते पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत खोटं होतं. तेच भाषण पुन्हा करायला तू मला रविवारी बोलावते आहेस. मी ते करणार नाही. ते पत्रकही छापू नकोस.

पण फक्त हे सांगायचं असतं तर मी कदाचित आणखी दहा वर्षं गप्प बसलो असतो. तेवढा भेकड मी आहे. आई गेल्यावर आठवड्याने शवतपासणी करणाऱ्या रुग्णालयातून बोलावणं आलं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी मला दोन प्रश्न विचारले. वडील कसे गेले? मुलंबाळं किती? मग सांगितलं, की आईच्या हृदयाचा स्नायू जाड झाला होता, हा विकार रक्तातून येतो, आणि आईला असेल तर मुलाला असण्याची शक्यता निम्मी. "मुलीला लगेच तपासून घ्या, आणि तपासणी होईपर्यंत दमछाक होईल असं काही करू देऊ नका." कागदावर लिहूनही दिलं. तो कागद चार महिने माझ्या टेबलाच्या खणात आहे. तुला तो दाखवला असता तर तू पुन्हा तोच प्रश्न विचारला असतास, आणि या वेळी कागद हातात घेऊन विचारला असतास. तुझ्या नजरेतून उतरू नये म्हणून मी तुझा जीव चार महिने खणात ठेवला. परवा फोनवर तू सहज सांगत होतीस, "चढावर भयंकर धाप लागते बाबा, हे म्हणतात आळशी आहेस, होईल सवय." जावयांना काही बोलू नको. त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. तो कागद या पत्रासोबत आहे. शुक्रवारी सकाळी नऊला तुमच्या मोठ्या रुग्णालयात तुझी वेळ घेतली आहे. हृदयाचं चित्र काढतात, दुखत नाही. तोवर सायकल नाही, जिना सावकाश, छकुलीला कडेवर घेऊन चढायचं नाही. तुझं काय निघतं त्यावर तिचंही बघावं लागेल. मी आदल्या दिवशीच्या बसने येतो. घरी उतरणार नाही, रुग्णालयात बाहेरच्या बाकावर बसेन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. बोलायचं असेल तर जे काय असेल ते सगळं बोल, कितीही वेळ. मी मध्ये बोलणार नाही.

तुझाच, जसा आहे तसा,
बाबा