सकुबाईची तार

२ जानेवारी १९६२, धसई
शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी वर्गातल्या मुलांदेखत मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी 'येस' म्हणालो. 'नो' म्हणायला हवं होतं, असं नंतर कळलं. संकल्प: डिक्शनरीतून रोज दहा शब्द. समानार्थी, विरुद्धार्थी, सगळे अर्थ. होळीपर्यंत पंचक्रोशीत इंग्रजी म्हणजे मीच.

५ जानेवारी
लाइट म्हणजे उजेड. लाइट म्हणजे हलकासुद्धा. हिला समजावून सांगितलं. हिने विचारलं, मग जड म्हणजे अंधार का? हिला भाषेची गोडी नाही.

११ जानेवारी
दहा फार होतात. पाच. (खाडे धरले तर दोन.)

१८ जानेवारी, दुपारी
शेजारचा मंगळू तार घेऊन शाळेत आला. त्याची आई सकुबाई महिनाभर कल्याणच्या दवाखान्यात आहे. तार तिथल्या जावयाची, वाल्मिकची. मंगळूने तार माझ्यापुढे धरली. म्हणाला, "मास्तर, तुमीच वाचा. माजी छाती नाय होत." साऱ्या गावातून माझ्याकडेच आला! तारेत होतं: सकुबाई डिस्चार्ज्ड, सेंड कार्ट मुरबाड. कार्ट म्हणजे बैलगाडी, हे येत होतं. डिस्चार्ज पाठ नव्हता, पण डिक्शनरी हाताशी होती. डिस्चार्ज म्हणजे रिलीज. रिलीज म्हणजे मुक्ती. मी मंगळूच्या खांद्यावर हात ठेवला. बाकीचे अर्थ बघण्याची ती वेळ नव्हती.

तीन वाजता
शाळा सोडली. मंगळूच्या बायकोचं, चंदाचं रडणं ऐकवत नाही. गाडीत बांबू, पांढरं कापड, मडकं घालून पाचजण मुरबाडला निघाले. मी दोन शब्द बोललो. लोक गहिवरले. इंग्रजी किती उपयोगी पडतं!

१९ जानेवारी
गाडी परत आली. बांबूंवर सकुबाई. पेरू खात.
मुरबाडच्या स्टँडवर तिने म्हणे लेकाला विचारलं, कोण गेला रं? मंगळू तिच्या पायांना मिठी मारून रडला, मग रस्ताभर हसत सुटला. चंदा सासूचा पदर सोडेना. म्हातारी थेट माझ्या दारात. "मास्तर, तुमी मला कुटं धाडलीत?" मी शांतपणे सांगितलं की या शब्दाला पुष्कळ अर्थ आहेत, तोफ डागणं हाही एक. ती म्हणाली, "नशीब माजं, तोफेचा नाय काढलात."
तत्त्वतः माझं चुकलेलं नाही.

२६ फेब्रुवारी
मंगळूला पुन्हा तार. माझ्या दारावरून, माझ्याकडे न बघता, ती वाचून घ्यायला मुरबाडला चालत गेला. भर उन्हात.
संध्याकाळी सकुबाई आली. हातावर साखर ठेवली. तिच्या लेकीला, कल्याणच्या यमूला, पोरगी झाली.
"पोरगी म्हंजे पोरगीच, मास्तर. दुसरा अर्थ नाय."
साखर खाल्ली.