शेततळ्यावरचा दोर

६ मार्च
साताऱ्याहून एसटीनं दुपारी पोचले. खोली बघून प्रवासाचा शीण गेला. आटपाडीकडची ही डाळिंबाची वस्ती. खिडकीतून नाथाजींची बाग दिसते आणि बागेपलीकडे शेततळ्याचा उंच बांध. नाथाजी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. खोली आमच्या संस्थेच्या डॉ. वीरधवल सरांनीच बघून दिली. नाथाजी त्यांचे जुने स्नेही. मी पाय धुवून येते तोवर अंबूबाईंनी, म्हणजे नाथाजींच्या बायकोनं, भाकरी आणि मटकीची आमटी वाढून ठेवली होती. जेवताना मला एकदाही 'मॅडम' म्हणाल्या नाहीत. 'पोरी' म्हणाल्या.

काम मात्र जड आहे. या एकाच शेततळ्यात तीन वर्षांत तीन मुलं बुडाली. पहिला नाथाजींचाच सात वर्षांचा नातू शंभूराज. मग सोनिया नावाची मुलगी, मग एका मेंढपाळाचा मुलगा. घरोघरी जाऊन विचारायचं, पण चूक कुणाची हे नाही विचारायचं. काय असतं तर लेकरू वाचलं असतं, एवढंच.

९ मार्च
नाथाजी मला तळ्यावर घेऊन गेले. खड्ड्याला आतून काळा प्लॅस्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. उतारावर पाय ठेवला की माणूस थेट पाण्यात, आणि वर यायला धरायला काही नाही. मोठा माणूससुद्धा निघू शकत नाही. मी म्हटलं, चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडू. नाथाजींनी स्वतः खुंट ठोकले, फौजेतल्या पक्क्या गाठी मारल्या. शेवटची गाठ मारताना त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, हे तवा सुचलं असतं तर माझा शंभू ऱ्हायला असता.

इतका भला माणूस मी खूप दिवसांत पाहिला नव्हता.

१५ मार्च
चारही दोर गेले. खुंट तसेच. नाथाजी म्हणाले, नेलं असतील कुनीतरी गुरं बांधायला. नवे आणले, दोघांनी मिळून बांधले. शेजारचे जैनुद्दीनभाई वेल्डिंग करतात, ते जाळीचं फाटक करून देणार आहेत. त्यांची पाच वर्षांची अरिबा हल्ली माझ्याच खोलीत असते. माझ्या ओढण्या गुंडाळून साडी नेसते.

२२ मार्च
पुन्हा दोर नाहीत. अरिबाची आई आबेदा शिवणयंत्रावरून उठून मला बाजूला घेऊन म्हणाली, ताई, सांगू का नको असं झालंय, पण नाथाजीकाका काल दुपारी खांद्यावर दोर टाकून येताना मी बघितले. मी तिला जरा तोडूनच बोलले. ज्याचा नातू गेला त्याच्याबद्दल असं बोलतात का?

३० मार्च
सोनियाच्या आईकडे गेले. ती म्हणाली, माझी सोनी पान्याला लय भ्यायची, एकटी बांधावर कंदी गेली न्हाई. त्या दिवशी अंबूमावशीनं लाडू द्यायला हाक मारली म्हनून गेली हुती. मेंढपाळाकडे विचारलं. त्याच्या पोरालाही अंबूबाईंनीच हाक मारली होती. आणि दोन्ही वेळा मूल पाण्यातून काढलं नाथाजींनी.

माझी कसलीतरी चूक होत असेल. चूकच ठरू दे.

३१ मार्च
वीरधवल सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, परवा मी येतो, तोवर गावात अवाक्षर काढू नका, उगाच दंगा होईल. आबेदालाही नाही सांगितलं. अंबूबाईंनी जेवायला बोलावलं. डोकं दुखतंय म्हटलं. त्या कपाळाला बाम लावून गेल्या.

२ एप्रिल, सकाळ
सर आले नाहीत. नाथाजी दारात येऊन शांतपणे म्हणाले, सायबांचा काल फोन आल्ता. तुला माझा संशय आलाय म्हनं. आवाजात राग नव्हता. चहा निवेल म्हणाले.

सरांनी सांगितलं. ज्याच्याबद्दल बोलले, त्यालाच सांगितलं. मला या घरात बसवून.

दुपार
अंबूबाई आत आल्या. पलंगावर बसल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पोरी, रागावू नगंस. शंभूला एकट्याला करमत न्हाई तिथं. रोज म्हनतुय, आज्जी, कुनालातरी खेळायला धाड. दोघं आली, पर ती रडत्यातच नुसती. अरिबा कशी हसरी हाय."

मी उठेपर्यंत त्या बाहेर. कडी लावल्याचा आवाज —

आबेदाचा फोन वाजतोय, उचलत नाही. शिवणयंत्र चालू असेल. जैनुद्दीनभाईंचा बंद. पोलिसांना लागला. निघतो म्हणाले. आटपाडीहून — कधी पोचणार.

सरांना लावला. त्यांनी कापला.

खिडकीचे गज हलत नाहीत. ओरडतेय. नाथाजींनी पाण्याची मोटर चालू केलीय, माझंच मला ऐकू येत नाही.

बांधावर दोघं. मध्ये अरिबा. अंगावर माझी निळी ओढणी, साडीसारखी. हातात लाडू.

दोर नाथाजींच्या खांद्यावर. सगळे.

तिनं इकडे बघितलं. मला हात केला — तिला वाटतंय मी पण येणारेय —

पलंग भिंतीला लावला. वर पत्रा आहे, एका कडेनं उचलतोय, हात जाईल एवढा. चढते. अरिबा, खाली बसू नको, तिथं घस