भिंतीवरची कोळशाची रेघ

सांगली,
रविवार, १० फेब्रुवारी १९७४

सौ. अंजना साळुंखे हिस,
चंदनबाला पाटील हिचा जयजिनेंद्र आणि स. न. वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र मिळालं. त्यातल्या तिळगुळाचा पार भुगा झाला होता, तो मी पाकीट झटकून खाल्ला. आता गोड बोलणं भाग आहे, पण आज गाऱ्हाणं सांगायलाच लिहायला बसले आहे.

आमच्या घरात तीन वर्षांपूर्वी नळ आला, तो मी हट्ट धरून आणवला हे तुला ठाऊकच आहे. पूर्वी घरामागच्या परड्यातल्या आडाचं पाणी शेंदण्यात माझी सकाळ जायची. नळ आला, आड बुजवला आणि म्हणूनच मला शाळेत नोकरी धरता आली. आता गोष्ट अशी झाली आहे की, स्वयंपाकघरात नळ ज्या भिंतीला आहे तिच्या पलीकडे आमची कोठीची खोली. ती भिंत दोन वर्षांपासून खालून ओली होते आहे. पावसाळा नाही, काही नाही, भर उन्हाळ्यातसुद्धा हात लावला तर गार. यंदा ज्वारीच्या दोन पोत्यांना बुरशी आली, सोनकिडे झाले. धान्यात जीव झाले म्हणजे आमच्या घरात केवढा हलकल्लोळ, ते तुला सांगायला नको.

गवंड्यानं दोनदा गिलावा काढून सिमेंट भरलं, डांबर फासलं. ओल हातभर वर चढली, एवढाच उपयोग. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, निकाल देऊन टाकला आहे की हा सगळा नळाचाच प्रताप. होळी झाली की नळ तोडायचा, भिंत पायापासून काढायची आणि पाणी चौकातल्या हौदावरून आणायचं. सासूबाई यावर हो नाही, ना नाही. त्या हल्ली फार बोलत नाहीत. हे माझी बाजू घेतात, पण अप्पांसमोर यांचा आवाज बसतो.

चौकातून पाणी आणायचं तर सकाळचे दोन तास त्यातच जाणार. शिवाय आलेलं सगळं पाणी सासूबाई दुपदरी फडक्यातून गाळतात. मग फडक्यातले जीव मरू नयेत म्हणून ते फडकं चांगल्या पाण्यात तीनदा विसळतात आणि ते पाणी जाऊन सोडून येतात. त्याला जिवाणी म्हणतात, हे सांगितल्यावर तू वसतिगृहात मला किती चिडवलं होतंस! ते काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. तेव्हा पाणी आणणं माझ्याच वाट्याला. नळ गेला की माझी शाळा गेली, अंजना. पोरींचा चौथीचा वर्ग अर्ध्यावर सोडायचा या विचारानं मला जेवण जात नाही.

तुझ्या मामंजींबद्दल तू एकदा सांगितलं होतंस की त्यांना जमिनीखालचं पाणी ऐकू येतं. ते खरं होतं की मला हसवायला? खरं असेल तर त्यांना होळीच्या आत पाठव.

लोभ नळासारखा ठरल्या वेळीच नको, बारा महिने चोवीस तास असावा.

तुझी,
चंदन

* * *

सातारा,
१६ फेब्रुवारी १९७४

सौ. चंदन हिस,
अंजनाचे अनेक आशीर्वाद. (मी तुझ्याहून दोन महिन्यांनी मोठी आहे, निमूटपणे घे.)

पत्र वाचून आधी तुझा राग आला. दोन वर्षं भिंत ओली आणि मला आत्ता कळवतेस? मामंजी घरात नुसते बसून आहेत. पलटणीत असताना पाण्याच्या पाइपांवर होते, नंतर वीस वर्षं इथल्या नगरपालिकेत फिटर. आता निवृत्त झाले तरी गल्लीत कुणाचा नळ सूं करू लागला की जेवणावरून उठतात.

मी तुला हसवत नव्हते. त्यांच्याकडे सागवानाची एक काठी आहे, छातीपर्यंत येईल एवढी. तिचं एक टोक पाइपावर किंवा जमिनीवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. पाणी झिरपत असेल तर ते त्यांना सांगतं म्हणे. एकदा शेजारच्या लालासाहेबांच्या ओट्याखाली गळती आहे असं त्यांनी सांगितलं. लालासाहेब हसले. ओटा फोडला तर अगदी बोट ठेवलं होतं तिथंच पाइपाला दाभणाएवढं भोक. तेव्हापासून लालासाहेब त्यांना रामराम घालताना वाकतात.

मी तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, भिंत सणासुदीला, घरात पावणं असतील तवा जास्त वली होती का, ते लिवून इचार. मग स्वतःच म्हणाले की नको, मीच जातो. शनिवारी, तेवीस तारखेला, सकाळच्या एस.टी.नं निघतील. चहा भरपूर लागतो, एवढं सांभाळ. आणि तुमच्याकडे अंधार पडल्यावर जेवत नाहीत हे मी त्यांना बजावून ठेवलं आहे. म्हणाले, पलटणीत याहून कडक शिस्त होती.

अप्पांना आणि सासूबाईंना नमस्कार. जेवण टाकू नकोस, माझी शपथ.

अंजना

* * *

सांगली,
२८ फेब्रुवारी १९७४

प्रिय अंजना हिस स. न. वि. वि.

तुझे मामंजी काल परत आले असतीलच. मला मात्र अजून ते घरात असल्यासारखंच वाटतं आहे. अगं, काय माणूस आहे!

आल्या आल्या त्यांनी भिंतीला हात लावला नाही. आधी कोळसा मागितला. ओलीची वरची कड जिथपर्यंत होती तिथून भिंतभर रेघ ओढली आणि खाली तारीख घातली. अप्पांनी विचारलं की हे कशाला. तर म्हणाले, आवं, भिंत बोलत न्हाई, तवा तिच्याकडनं लिवून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा सगळ्या घराला गप्प बसवलं. अप्पांना खोकायचीसुद्धा बंदी. काठी नळावर, मग पाइपावर, मग जमिनीवर वीतवीत पुढं सरकवत ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा चेहरा इतका निवांत की मलाच वाटलं, यांना कुणीतरी जवळचं माणूस काही सांगतं आहे. अर्ध्या तासानं उठले आणि म्हणाले की नळ निर्दोष हाय, पाइपात थेंबाचीही चूक न्हाई. मी पदर तोंडाला लावला, रडू आवरेना. पण अप्पा कसले ऐकतात! त्यांनी विचारलं, मग पाणी काय आभाळातून येतं?

त्यावर मामंजींनी दोन दिवस नळ बाहेरूनच बंद करायला लावला. पाणी आम्ही शेजारून आणलं. भिंत तशीच ओली. पहिल्याच संध्याकाळी परड्यात दहा कोरडी कौलं ओळीनं पालथी घातली, त्या भिंतीच्या परड्याकडच्या टोकापासून थेट कुंपणापर्यंत. सकाळी एकेक उलटून बघितलं. भिंतीजवळच्या तीन कौलांच्या पोटाला दव जमलेलं, पुढची कोरडी. दुसरी ओळ बुजवलेल्या आडाच्या दिशेनं लावली, तर तिकडची सगळी ओली, आणि आडावर अप्पांनी टाकलेल्या फरशीजवळचं कौल तर टिपकत होतं. किती साधी युक्ती आणि किती पक्की! मी शाळेत गेल्यावर पोरींना हाच धडा शिकवला.

मंगळवारी सकाळी ते त्या फरशीपाशी बसले होते, तेवढ्यात सासूबाई कळशी घेऊन परड्यात गेल्या. मामंजी चटकन उठले, टोपी सारखी केली. दोघं बराच वेळ बोलत होते. मी भाकरी थापत होते, मला काही ऐकू आलं नाही. मामंजी आत आले ते थेट अप्पांकडे. म्हणाले, आडाच्या भरावात पाणी मुरलंय, ते भिंतीच्या पायात उतरतं. येणारं पाणी थांबलंय. होळीची घाई करू नका, पाडव्यापतुर थांबा. रेघेखाली भिंत वाळली न्हाई, तर पाडायला मी सवता पहार घेऊन येतो. अप्पांनी विचारलं की येणारं पाणी होतं कुठलं. तर हसून म्हणाले की सगळंच सांगितलं तर माझ्या काठीला कोण इचारणार?

तेव्हापासून एक नवल चाललं आहे. सासूबाई, ज्या वर्षवर्ष उंबरा ओलांडत नव्हत्या, त्या रोज दोन वेळा झाकणाची कळशी घेऊन कृष्णेच्या घाटावर जातात. विचारलं तर कळशी उचलून चालू लागतात. तुझ्या मामंजींना खोदून खोदून विचार आणि मला कळव.

लोभाला ओहोटी लागू नये.

चंदन

* * *

सातारा,
९ मार्च १९७४

चंदन,

विचारलं. तीन दिवस विचारलं, चहा बंद करण्याची धमकी दिली. ढिम्म हलले नाहीत. म्हणतात, ज्याचं सांगणं त्यानंच सांगावं. तुझ्या घरून आल्यापासून मात्र आपलं जुनं पलटणीतलं फडकं धुऊन त्यातून पाणी गाळून पितात. मी हसले तर म्हणाले की माहुलीवरनं ही किष्णा पुढं सांगलीलाच जाती, आपल्याला बी थोडी लाज पायजे.

रेघेचं काय ते कळव. इथं आम्ही दोघं रोज पोस्टमनची वाट बघतो. ते तर दारातच बसतात.

अंजना

* * *

सांगली,
२० मार्च १९७४

श्री. कोंडीबा भाऊ साळुंखे यांस,
गुणमाला पायगोंडा पाटील हिचा जयजिनेंद्र.

आमास्नी लिवता येत न्हाई. सून लिवतीया. जसं सांगंल तसं लिव म्हणून तिला सांगितलंय. सुधारून लिवायचं न्हाई.

भिंत वाळली. रेघेखाली दोन वीत कोरडी हाय. ह्यांनी काल हात लावून बघितला, परत बघितला, आणि गवंड्याला नगो म्हणून निरोप धाडला. नळ ऱ्हायला.

आता सांगायचं ते ह्या पत्रात सांगतो. आमच्या घरात नळ आला त्याच साली आड बुजवला. मला पडला पेच, जिवाणी सोडायची कुठं? गटारात सोडली तर फडक्यातलं जीव मेलं. आडातलं पाणी आडात सोडायची सवय. म्हणून फरशीच्या फटीतनं म्या आडातच वतलं. रोज दोन येळा, कळशी कळशी, तीन वरसं. सणाला पावणं आलं की चार कळश्या. धरम पाळतोय असं वाटत हुतं. भिंत वली झाली तवा मनात एकदा आलं, पर म्या ते मागं सारलं. समदी चंदनच्या नळाला बोल लावत हुती. मी गप्प बसलो. चंदन, थांबू नगं, लिव. तिची शाळा जायची येळ आली तरी मी गप्प बसलो.

तुमी त्या दिवशी मला कळशी वतताना बघितलं. मला वाटलं, आता ह्यो माणूस घरभर सांगणार. तुमी एवढंच इचारलं, आक्का, नळाला पाणी कुठनं येतं? म्या म्हटलं किष्णेतनं. तुमी म्हटला, मग किष्णेचं जीव ह्या मेलेल्या आडात कशाला, त्यांस्नी त्यांच्या घरला पोचवा की. भाऊ, तुमी मला चूक सांगितली न्हाई, जीवांचा पत्ता सांगितला. जलमभर पाणी गाळलं, पर एवढं माझ्या ध्यानात आलं न्हाई.

काल रातच्याला न्हवं, दिवसाढवळ्या, समद्यांच्या म्होरं ह्यांस्नी म्या खरं सांगितलं. आज सकाळी म्या कळशी उचलली तर हे म्हटलं, घाट उतरताना पाय घसरंल, मी येतो. दोघंबी जाऊन आलो.

काल म्या ह्यांस्नी सांगितलं तवा चंदन शाळंत गेलेली. तिला कुणी सांगितलं न्हवतं. तिला म्या आता सांगतोय, तिच्याच हातनं लिवून घिऊन. उद्यापास्नं सकाळचा नळ मी सोडणार. तिनं येळंवर शाळंत जावं.

पाडव्याला अंजनाला घिऊन या. जेवाय दिवस मावळायच्या आत. बहिणीची आठवण ठेवा.

गुणमाला

ता. क. मामंजींना शिरसाष्टांग नमस्कार. वर एका ठिकाणी शाई पसरली आहे. ते पाणी कुठून आलं हे शोधायला तुमची काठी लागायची नाही.

चंदन