तेजस्विनीचं लिहिणं आणि माझं जळणं

२ डिसेंबर, मंगळवार
आज परत तिलाच आत बोलावलं. डिस्पॅचचं टेबल साहेबांच्या केबिनच्या दारासमोर. तिथं मी बसलेली असते, दिसते चांगली ठळक. साहेब माझ्या पुढनं गेले, मागच्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "तेजस्विनी, जरा आत ये. पुण्याला काय कळवायचं बघूया."
मी मेले काय?
पुण्याच्या पंप कंपनीला आमच्या फौंड्रीचं कास्टिंग जातंय ते माझ्या तोंडावर जातंय. ट्रकवाला माझं ऐकतो, भट्टीवरचे माझं ऐकतात, पुण्याचे जुने खरेदीवाले शिंदे काका तर माझ्या एका फोनवर गप्प बसतात. आणि ही कोण? गारगोटीची. बी.ए., ते पण मराठी घेऊन. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा सगळ्यात जास्त मीच हसले होते. लोखंडाच्या कारखान्यात मराठी कुणाला शिकवणार, म्हणून.

४ डिसेंबर, गुरुवार
कंपनीच्या बसमध्ये कळलं. नवीन पद निघणार. 'कस्टमर को-ऑर्डिनेशन'ची हेड. काचेची केबिन, महिन्यातनं एकदा पुण्याला मीटिंग. आमच्या दोघींतनंच एक.
दोघींतनं कशाला? मी सीनियर. बी.कॉम. फर्स्ट क्लास. अभय म्हणाला, "तुझंच हाय की ते. दुसरं हाय कोण?" नवरा क्वचित शहाण्यासारखं बोलतो.
माहेरी आईला, आमच्या अव्वाला, फोनवर सांगून बसले. चूक झाली. आता अख्ख्या शिरोळला कळणार.

९ डिसेंबर, मंगळवार
ते. (आता तिचं नाव पूर्ण लिहायचाही कंटाळा) मेल कसा लिहिते ते आज नीट बघितलं. मुद्दाम तिच्या मागं जाऊन फाईल शोधत बसले.
आधी पाठकोऱ्या कागदावर मराठीत लिहिते. मग खोडते. खोडते म्हणजे किती! अर्ध्याच्या वर उडवते. मग उरलेलं इंग्रजीत टाईप करते. चार ओळींच्या मेलला अर्धा तास. तेवढ्या वेळात मी ट्रक लावला, ड्रायव्हरला झापलं, दोन गिऱ्हाइकांना शांत केलं.
बोलायला लागली की अजून गारगोटीच, बाई असून 'येतो', 'निघतो'. "ताई, मी जेवून येतो." "ताई, मी निघतो." आणि कागदावर तीच बाई अशी काय लिहिते की साहेब मान डोलावतात! संध्याकाळच्या वर्गाला जाऊन डिप्लोमा केलाय म्हणे, बिझनेस कम्युनिकेशन. नोकरी करून, घरचं करून. मी एम.कॉम. पहिल्या वर्षालाच सोडलं. लग्न ठरलं, राहिलं. काय अडतंय असं वाटलं होतं. आज अडतंय का? न्हाई. अजिबात न्हाई.
जळतंय माझं. इथं तरी लिहायला काय हरकत आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार
शिंदे काका रिटायर झाले, त्यांच्या जागी कोण पोरगा आलाय. फोनच उचलत नाही. "प्लीज ड्रॉप अ मेल." असला राग येतो. माणूस आहेस का पोस्टाची पेटी?
माल कधी पोचणार, विचारत होता. कालपासून भट्टी बंद आहे. काय सांगणार? लिहून टाकलं, 'शनिवारी माल पोचतो, काळजी नसावी.'
शिंदे काकांना मी कायम हेच सांगायची. शनिवार म्हणलं की ते मंगळवार धरायचे. मंगळवारी माल गेला की दोघंही खूश. हसून "काय मॅडम, तुमचा शनिवार!" म्हणायचे. आपल्याकडं गिऱ्हाइकाला तोंडावर न्हाई म्हणायचं नसतंय.

२३ डिसेंबर, मंगळवार
लिहू नये असं वाटतंय, पण लिहिते.
त्या पोरानं माझा मेल खरा धरला. रविवारी जादा माणसं बोलावली, लाईन तयार ठेवली. माल कुठाय? भट्टीच काल संध्याकाळी सुरू झालेली. पुण्याच्या मोठ्या साहेबांचा सकाळीच मेल, खाली माझा मेल जोडून. पुढची ऑर्डर दुसऱ्याला देतो म्हणाले.
साहेब बाहेर आले. सगळ्यांच्या देखत.
"पद्मजा, भट्टी बंद हाय हे तुला म्हाईत होतं न्हवं?"
"होतं सर."
"मग शनिवार का लिवलंस?"
"सर... तसं म्हणायचं असतंय."
अकाउंट्सच्या टेबलावरनं कुणीतरी हसलं. ते. हसली नाही. मान खाली घालून बसली होती. ती हसली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

२४ डिसेंबर, बुधवार
पुण्याला उत्तर तिनं लिहिलं. डिस्पॅचचा मेल आमचा दोघींचा एकच, त्यामुळं वाचता आलं. मराठीत सांगायचं तर एवढंच:
'माल शुक्रवारी निघेल; गुरुवारी दुपारी तो तयार झाला की नाही ते तुम्हाला पुन्हा कळवू. भट्टी बुधवारपासून सोमवारपर्यंत बंद होती. शनिवारची तारीख आम्ही द्यायला नको होती.'
बास. रडगाणं नाही, पाया पडणं नाही. माझं नाव कुठंही नाही. 'आम्ही' लिहिलंय! शनिवार दिला मी आणि म्हणते 'आम्ही'.
पुण्याचा दुपारी फोन. आवाज उतरलेला. ऑर्डर राहिली.
यातलं तिला काय माहीत होतं? भट्टी कधी बंद पडली ते मी सांगितलं. शुक्रवारी निघेल तेही मीच भट्टीवर विचारून सांगितलं. सगळं माझ्या डोक्यात होतं आणि तिच्या हातातनं उतरलं. मला का सुचलं नाही? साधी तर वाक्यं आहेत. साधी आहेत म्हणूनच जास्त आग होतेय.

२ जानेवारी, शुक्रवार
झालं. पद तिला.
पेढे वाटले. मी दोन खाल्ले, सगळे बघत होते म्हणून. "अभिनंदन गं" पण म्हणाले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.
घरी अभयला सांगितलं. म्हणाला, "तिला लिवता येतंय, तुला येत न्हाई. सोपं हाय." आत्तापर्यंत त्याच्याशी बोललेले नाही. आम्हा जैनांत दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं असतंय म्हणून ताट वाढलं, तेवढंच.
अव्वाचा फोन आला, "काय झालं गं तुझ्या त्या केबिनचं?" अजून ठरलं नाही म्हणून सांगितलं.

१० जानेवारी, शनिवार
ते. जेवायच्या सुट्टीत काचेच्या केबिनमधनं बाहेर आली, माझ्या टेबलापाशी बसली. माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी, कांदा-लसूण न घालता. हे ती पहिल्यापासनं करते. मग हळूच, "ताई, रोज थोडं बसूया का? मेलचं. मला डिस्पॅचचं तुमच्यासारखं कळत न्हाई, तुम्ही मला ते सांगा. मी लिवायचं सांगतो."
"तू मला शिकवणार?" आवाज चढलाच. पलीकडच्या टेबलांवरनं माना वळल्या.
"तसं न्हवं ओ ताई."
"मग कसं?"
भाजी तशीच परत दिली. भूक लागली होती. वासही चांगला येत होता.

२४ जानेवारी, शनिवार
कागलच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. बस तासभर एका जागी. मोबाईलवर तिचे जुने मेल काढून वाचले. ही सवयच लागलीय आता, चोरून. खरूज खाजवल्यासारखं, बरं पण वाटतंय आणि रक्त पण निघतंय.
एक कळलं. गिऱ्हाइकाला पुढं काय करायचंय ते ती आधी लिहिते. कारण नंतर. मी कारणापासनंच सुरू करते आणि तिथंच घोळत बसते.
कळलं म्हणून काय झालं. केबिन तिचीच आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
ते. रजेवर. गारगोटीला भावाचं लग्न. आणि आजच साच्याला तडा गेला! निम्माच माल जाणार.
साहेब बेळगावला निघालेले. गाडीत बसता बसता, "पद्मजा, पुण्याला आजच्या आज मेल जाऊ दे. फोन नको."
पाठकोरा कागद घेतला. आजूबाजूला कुणी बघत नाही याची खात्री केली आणि मराठीत लिहिलं. पानभर झालं. खोडलं. साच्याची सगळी कथा उडवली. 'काळजी नसावी' आपोआप आलं होतं, तेही उडवलं. शेवटी राहिलं ते असं:
'शनिवारी तुम्हाला निम्माच माल मिळेल. त्याप्रमाणे माणसं लावावीत. साच्याला तडा गेला आहे. उरलेला माल पुढच्या शुक्रवारच्या आधी देणं आम्हाला जमणार नाही.'
'जमणार नाही'! गिऱ्हाइकाला! इंग्रजी डिक्शनरीत बघून बघून केलं. पाठवलं आणि पाणी प्यायले. इतकं छान वाटलं की कुणाला तरी सांगावं, पण सांगायचं कुणाला? सांगण्यासारखी एकच, ती लग्नात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
पुण्याचं उत्तर आलं. साहेबांनाही पाठवलंय.
'तेजस्विनी मॅडम, इतक्या स्पष्टपणे वेळेत कळवल्याबद्दल आभार. आम्ही शनिवारचं काम बदलून घेतलं आहे. काही अडचण नाही.'
तेजस्विनी मॅडम!
मी खाली नावच घातलं नव्हतं. आयुष्यात कधी घातलं नाही. फोनवर आवाज ओळखतात की लोक. डिस्पॅचवरनं नीट मेल आला म्हणजे तिचाच, असं धरलं त्यानं.
तेवढ्यात साहेब आले, खुशीत. "बरं केलंस, तिला फोन लावून लिवून घेतलंस ते. लग्नघरातनं सुद्धा काम केलं बघ पोरीनं! आणि फोन लावायला तुला सांगायला लागत न्हाई." पाठीवर थाप मारायचीच बाकी ठेवली.
मी नुसती मान डोलावली आणि चलनं लावायला घेतली. मी!
संध्याकाळी तिचाच फोन. मागं लग्नाचा बेंजो.
"ताई, मेल वाचला. झकास लिवलाय ओ! ते मला थँक्यू म्हणालेत. मी आत्ताच साहेबांना सांगतो, माझा न्हवं म्हणून."
"नको."
"का ओ?"
"तू सांगितलंस की ते पण तुझंच मोठेपण होतंय."
मागचा बेंजो जरा लांब गेला, ती बाहेर आली असावी.
"मग तुम्ही सांगा. पण सांगा हं, ताई."
"सांगते."
ठेवला. मीच सांगायला हवं, हे ती खरं बोलली, आणि त्याचाही राग आला.

१४ फेब्रुवारी, शनिवार
ऑफिसातच लिहितेय. साहेब कोर्टाच्या कामाला गेलेत. फोन करून सांगितलं असतं तर मिनिटाचं काम. पण मला माहीत आहे ते काय म्हणतील. "बरं बरं, दोघींनी मिळून केलं." हसतील आणि विसरतील. पुण्याच्या पोराला तर फोन चालतच नाही.
म्हणून मेल. दोघांनाही एकच.
'गुरुवारचा मेल मी लिहिला होता. कुणालाही न विचारता.' खाली पूर्ण नाव, पद्मजा अभय पाटील, डिस्पॅच.
वाचला. भांडायला उठल्यासारखा वाटला. दुसरं वाक्य खोडलं. मग वाटलं, ते खोडलं तर साहेब फोनचंच धरून बसतील. परत घातलं. आधी 'कृपया' लावलं, भीक मागितल्यासारखं दिसलं, काढलं.
उद्या ती रजेवरच, सोमवारी कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. मंगळवारी ते. येणार, आणि तिच्या पोटात काही राहणार नाही. आज गेला तर हा माझा. मंगळवारनंतर तिच्या चांगुलपणाचा.
बस लागली. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, शिपाई दोनदा येऊन गेला, "मॅडम, चला की." थांब म्हणलं त्याला. परत एकदा वाचते, एखादा शब्द जास्त झालाय का बघते.