दादाचं सँडविच

रेवदंडा, ८ मार्च १९३४

तीर्थस्वरूप वहिनीस विनायकचा साष्टांग नमस्कार.

दादाला समुद्राची हवा मानवते आहे. ताप आता फक्त संध्याकाळीच येतो. परवा आम्ही दोघांनी किल्ल्याचे फोटोही काढले.

जेवण मात्र त्याला नकोसं झालंय. "मुंबईच्या फोर्टातल्यासारखं मटणाचं सँडविच मिळालं तर खाईन," म्हणाला. म्हणून मी अलिबागपर्यंत हिंडलो, पण चांगला पाव मिळेना. शेवटी कोर्लईच्या एका ख्रिस्ती आजींनी घरी भाजून दिला. मटण मी शिजवलं.

दादानं ते सँडविच खिडकीतल्या उजेडात ठेवलं आणि त्याचा फोटो काढला. "झकास दिसतंय, विनू," म्हणाला आणि बशी माझ्याकडे सरकवली. एक घासही घेतला नाही.

कुसुम शाळेत जाते ना? तिची परीक्षा राहू दे. तिला घेऊन पहिल्या बोटीनं या.

तुमची वाट पाहणारा,
विनायक