माणूस कमी आहे

१४ ऑगस्ट

चि. ढब्बूस,

ताईचे भरपूर आशीर्वाद आणि लांबूनच एक टपली. इकडे सगळं ठीक आहे. गॅलरीचं दार अजून फुगलेलंच आहे, लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. आत्याने केस बारीक कापून घेतले आणि तेव्हापासून ती आरशापुढून हलत नाही. बाबांचं पुढे लिहिते.

तू अर्धवट टाकून गेलेला, फासे टाकत गोष्ट रचण्याचा आपला खेळ मी पुरा करायला घेतला आहे. हसू नकोस. बाबांच्या तरुणपणीच्या स्वस्त कादंबऱ्यांमधला तो लाल ग्रह, आटलेले समुद्र, उडती गलबतं, तलवारी. आणि आपले नियम मात्र तळघरांतल्या राक्षसांच्या खेळाचे! दोन्हींचं लग्न लावताना माझ्या नाकी नऊ आले. तिथले वीर जवळजवळ उघडेच हिंडतात, मग चिलखताचे गुण द्यायचे कुणाला? ते चपळाईला दिले. मंत्राने जखमा बऱ्या करणारा पुजारी तिथे शोभेना, त्यालाही नारळ दिला. आपल्या नियमांत खजिना लुटला की गुण वाढतात. इथे दिलेला शब्द पाळला की मी वाढवते.

आणि गुण संपून शून्यावर आलेला वीर मरत नाही, कैद होतो. सोबत्यांनी त्याला सोडवायचं. तुझा सरदार असाच मिठाच्या खाणीत पडला आहे. तू उठून गेलास तेव्हा त्याला मारायला माझा हात धजावला नाही.

आत्या राजकन्या झाली आहे. दिसेल त्याच्याशी लग्न ठरवते आणि फासा वाईट पडला की हळूच मांडीखाली सरकवते.

तिसरा खेळाडू कोण, ओळख. ज्यांनी याला ‘रिकामटेकड्यांचे धंदे’ म्हटलं, तेच. दुपारी त्यांच्या पलंगाला टेबल लावून बसतो. ते वीर व्हायला तयार नव्हते, गलबताचे मेकॅनिक झाले. जन्म डेपोतून गाड्या सोडण्यात गेलेला, दुसरं काय होणार? आम्ही मारामारी करून गलबत पळवलं, शत्रू पाठीवर आला आणि बाबांची पाळी आली.

“सोडत नाही,” ते म्हणाले. “माणूस कमी आहे.”

“अरे दादा, मुंडकं उडवतील माझं!” आत्या ओरडली.

“उडवू देत. माणूस कमी आहे.”

त्यानंतर रोज तेच. गलबत जागचं हलत नाही आणि आत्या माझ्यावर चिडते, जणू मीच त्यांना शिकवून ठेवलं आहे.

आता बाबांचं. फासा त्यांना बोटांत धरवत नाही, वाटीत घालून हलवतात. डॉक्टर आधी पुढची तारीख द्यायचे, आता नुसतं ‘काही वाटलं तर कळवा’ म्हणतात. जेवण दोन घासांवर आलं आहे. मी गोल गोल फिरते आहे, तुला कळलंच असेल. ते फार काळ काढणार नाहीत, ढब्बू. मला फार भीती वाटते. वीरांसाठी नियम लिहिला, पण म्हाताऱ्या मेकॅनिकसाठी काय लिहू?

तू डेपोतली नोकरी सोडलीस तेव्हा ते म्हणाले होते, पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला. तूही त्यांचाच मुलगा, तूही पाळलास.

काल खेळ आवरताना त्यांनी विचारलं, “शब्द मोडला तर किती गुण जातात?”

याचा मी विचारच केला नव्हता. तोंडाला आलं ते बोलले, “सगळे.”

त्यांनी फाशाची वाटी माझ्याकडे सरकवली.

“जाऊ देत,” म्हणाले. “खाणीवर निरोप पाठव.”

तो हा पाठवला. गलबत तुझ्यासाठी उभं आहे.

तुझी,
ताई